नवरात्रातली रजा

ठाणे,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय शेवंतीआत्या,

तुझे चार फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोन कंपनीने दिलेला आहे, त्यातलं काय काय वाचलं जातं ते मला नक्की माहीत नाही, आणि आता जे सांगायचंय ते कोणी वाचायला नको. ठाण्याहून डोंबिवलीला पत्र जायला तीन दिवस लागतील असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. लागू देत.

सोबत 'अभेद्य वार्ता'चा ऑगस्टचा अंक ठेवलाय. कंपनीचं हे बातमीपत्र मीच काढते हे तुला माहीत आहे, म्हणून पहिल्या पानाबद्दल आधीच कान पकडते. पानावर धनेश सर आहेत, हाताची घडी घालून. खाली मथळा आहे: 'पारखी ३.३ : बावीस वर्षांच्या अनुभवाचं सॉफ्टवेअर'. सरांना कंपनीत येऊन सहा वर्षं झाली. विम्याच्या तपासणीसाठी वागळे इस्टेटपासून शीळफाट्यापर्यंत बावीस वर्षं बॉयलरखाली वाकून कोण बघत होतं, ते आमच्या अख्ख्या तिसऱ्या मजल्याला माहीत आहे. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या.

आत्या, पारखीच्या आत तुझी वही आहे. कारखान्याचे फोटो चढवले की पारखी त्यात एकशे चौदा गोष्टी शोधतो आणि गुण देतो. त्या यादीतली सातवी ओळ: 'पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासची काच बघू नये, तिच्या खालची फरशी बघावी.' तुझे शब्दसुद्धा बदललेले नाहीत. गेल्या सप्टेंबरात तुझ्या ड्रॉवरमधून वही गेली, आणि डिसेंबरात 'आता तपासणीला माणसं लागणार नाहीत' असं सांगून तुला घरी बसवलं. दोन्ही गोष्टी जोडायला फार डोकं लागत नाही.

मला या माणसाला उघडं पाडायचंय. तू सांगशील ते करीन. आतली प्रत्येक बातमी, प्रत्येक अपडेट तुला कळवत जाईन.

तुझी,
रसिका


डोंबिवली (पूर्व),
२३ ऑगस्ट

चि. रसिका,

आशीर्वाद आहेतच, ते पुन्हा लिहून कागद भरत नाही.

अंक वाचून झाला आणि मग त्याच्यावर लसूण सोलत बसले. धनेशच्या तोंडावर साली पडल्या की तेवढंच बरं वाटतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे मी पुष्कळ पाहिले, पण हा गडी पीठ माझ्याकडून दळून घेतो आणि वर मलाच जात्यावरून उठवतो.

ती वही मी घरी बसून लिहिलेली नाही. कारखान्यातून बाहेर पडलं की रिक्षा मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभं राहून लिहायचे. मालक चहा मागवायची घाई करतो तिथे आधी मागच्या बाजूला जावं. राख ओढायच्या पावड्याचा दांडा गुळगुळीत असेल तर तिथला बॉयलरवाला कामाचा. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, आणि धनेशला तर पावडं कशाला म्हणतात ते माहीत नाही.

ड्रॉवरची किल्ली त्या आठवड्यात मी तुझ्याकडे ठेवून गावी गेले होते आणि तूच रडत फोन केलास की ड्रॉवर फोडलेला आहे. तेव्हाच मला कळलं की हे त्याचं काम. पुरावा नव्हता म्हणून गप्प बसले. आता नाही बसणार.

मला काय हवं ते नीट वाच. मला पैसे नकोत. वही माझी होती हे त्याच 'अभेद्य वार्ते'च्या पहिल्या पानावर छापून हवंय. आणि धनेश त्या खुर्चीवरून उठलेला हवाय. एक झालं आणि दुसरं राहिलं तर मला चालणार नाही.

तू कळवत राहा.

शेवंतीआत्या


ठाणे,
८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

बातमी मोठी आहे. सप्टेंबरच्या अंकात येणारा मजकूरच उतरवून पाठवते:

'पारखी ३.४ सोबत सादर आहे दसरा-पारखी योजना. घटस्थापना ते दसरा या काळात आपल्या बॉयलरचे बारा फोटो स्वतःच्या मोबाईलवरून चढवा. पारखी तिथल्या तिथे शंभरापैकी गुण देईल. नव्वदच्या वर गुण मिळवणाऱ्या कारखान्यांना विम्याच्या हप्त्यात सूट. आमचा कोणीही माणूस आपल्या कारखान्यात येणार नाही.'

शेवटची ओळ धनेश सरांनी ठळक अक्षरात घ्यायला लावली. मीटिंगमध्ये म्हणाले, "सणाला माणूस खूश असतो रे, फोटो काढायचा मूड असतो." ही योजना चालली की ते उपाध्यक्ष होणार, असं सगळेच म्हणतात.

मला यात काही खोट दिसत नाही, म्हणून राग येतोय. सगळं त्यांच्या मनासारखंच होणार आता.

रसिका


डोंबिवली,
१३ सप्टेंबर

चि. रसिका,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच इतकी हसले की शेजारीण विचारायला आली, काकू, बरं आहे ना. म्हटलं, गेल्या डिसेंबरापासून इतकं बरं कधीच नव्हतं.

तुला खोट दिसत नाही, कारण ती वहीत नाही. वहीत एकशे चौदा मुद्दे आहेत. एकशे पंधरावा मी कधी लिहिलाच नाही, तो मी पाळत होते. बावीस वर्षं मी घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत रजा टाकली आणि तिथून दिवाळीपर्यंत ऑफिसात फायली उपसल्या. त्या महिन्यात एकाही बॉयलरचं तोंड पाहिलं नाही. अख्खा मजला म्हणायचा, शेवंतीबाई देवीच्या आहेत, नऊ दिवस कडक करतात. धनेश तर मला 'माताजी' म्हणायचा आणि पोरांना हसवायचा. मी खोडून काढलं नाही. उपासाला रजा मिळते, अकलेला मिळत नाही. खरं तर मी घरी बसून सुके बोंबील भाजून खायचे. देवीचं आणि माझं त्यात काही भांडण झालं नाही.

आता कारण ऐक. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. त्याआधी चार दिवस कारखान्यात दुसरं काम नसतं. फरशी धुतात, पाइपांना चंदेरी रंग फासतात, बॉयलरच्या अंगावर हात फिरवतात, रांगोळी काढतात. गळणाऱ्या सांध्यावर पांढरा ओघळ येतो, तोच माझा खरा साक्षीदार. तो त्या रंगाखाली जातो. उरलंसुरलं झेंडूच्या माळेखाली. दसऱ्याला मोडका बॉयलरसुद्धा नवऱ्या मुलासारखा दिसतो. स्वस्त रंग गरम अंगावर टिकत नाही, दिवाळीच्या सुमारास पोपडे धरतो, आणि मग खालचं दिसायला लागतं. तेव्हा मी जायचे.

आणि या शहाण्याने बरोबर ते दहा दिवस निवडले. वर ठळक अक्षरात सांगतोय की आमचा माणूस येणार नाही.

तू तोंडातून शब्द काढायचा नाही. सगळ्यांना पास होऊ दे. मग एकेक रंग सुटेल, गळत्या निघतील, दावे येतील आणि वरचे विचारतील, हे पास कोणी केले. माताजी त्या वेळी घरी बसलेल्या असतील.

शेवंतीआत्या


ठाणे,
१८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तू म्हणतेस ते सगळं पटतं, पण एखादा बॉयलर खरंच फुटला तर? तुमच्याकडे एमआयडीसीतला भोंगा जरा वेगळा वाजला तरी माणसं गॅलरीत येऊन उभी राहतात, हे मी लहानपणी तुझ्याच घरी पाहिलंय. मी सरांना नुसतं सुचवू का, की तारखा दिवाळीनंतर घ्या? तुझं नाव घेणार नाही.

रसिका


डोंबिवली,
२२ सप्टेंबर, घटस्थापना

रसिका,

नाही.

बॉयलर चालवायला योग्य आहे की नाही ते सरकारी तपासनीस बघतो. आपण विमावाले, आपण नुकसान भरणारे. चार ठिकाणी वाफ निसटेल, माल खराब होईल, त्याचा कागद तुझ्या ऑफिसात येईल, एवढंच. बावीस वर्षांनंतर मला एका पाकिटात शाल आणि दुसऱ्यात राजीनाम्याचा छापील मसुदा दिला होता. तेव्हा कुणाचं जेवण अडलं नव्हतं.

धनेशचा पुळका येत असेल तर तसं सांग, मी पत्र लिहायची थांबते.

शेवंतीआत्या


ठाणे,
४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पुळका नाही. मी गप्प बसले.

एकशे त्रेसष्ट कारखान्यांनी फोटो चढवले. एकशे एक्कावन्न पास. एकट्या डोंबिवलीत एकसष्ट. काल ऑफिसात केक कापला, त्यावर बॉयलर काढला होता, चॉकलेटचा. सरांनी भाषणात सांगितलं, "ह्या सगळ्यात एकही माणूस पाठवला नाही आपण. एकही नाही."

उद्या ३.५ येतंय. त्याची टीप मीच लिहिली, ती अशी: 'आता फोटो केव्हाही बदलता येतील आणि गुण त्याच क्षणी बदलतील. कॉन्फरन्स रूममधल्या भिंतीवर सर्व कारखाने नकाशात दिसतील, पास ते हिरवे, नापास ते लाल. गुण साठच्या खाली गेल्यास बॉयलर बंद ठेवण्याची सूचना मालकाला त्याच मिनिटाला जाईल.'

सतरा तारखेला परदेशातल्या एका मोठ्या विमा कंपनीचे लोक येणार आहेत. आपली जोखीम ते वाटून घेतात, त्यामुळे त्यांच्यापुढे अध्यक्षही हात बांधून उभे राहतात. धनेश सर त्यांना तो नकाशा चालू असताना दाखवणार. त्यांनी मान डोलावली की उपाध्यक्षपद पक्कं. मलाही वर घेणार म्हणतात. मला नकोय ते, आत्या. मला खरंच नकोय.

रसिका


डोंबिवली,
७ ऑक्टोबर

चि. रसिका,

दसऱ्याला संध्याकाळी पंढरी आला होता. तुला तो माहीत नाही. नाथाशेठच्या रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो, मूळचा खटावकडचा, अठरा वर्षांची ओळख. माझ्या वहीतला निम्मा शहाणपणा त्याच्या तोंडचा आहे. आपट्याची पानं हातावर ठेवली, पाया पडला आणि म्हणाला, "बाई, यंदा तुमी आला न्हाई, पन पास झालो बघा. सत्त्याण्णव गुन."

मी म्हटलं, "खालचा सांधा?"

"रंगाखाली हाय की," म्हणाला आणि हसला. मग सांगितलं, "दिवाळीच्या बंदमधी नव्यानं करायचा व्हता. शेटनं रद्द केलं. म्हनले, कंपनीनं सत्त्याण्णव दिलंत, आता कशाला उकरायचं."

 इतकी वर्षं मला वाटायचं की माझ्या शेऱ्याने हप्ता वाढतो म्हणून हे शेठ लोक माझ्यावर दात ओठ खातात. खातही होते. पण माझा शेरा पडला की दुरुस्ती करत होते, हे मी कधी मोजलंच नाही. आपण फक्त नुकसान भरणारे, असं मी तुला लिहिलं ते चूक होतं.

पंढरीला सांगितलंय, दाब कमी ठेव आणि त्या बाजूला उभा राहू नकोस.

मी काय करणार ते विचारू नकोस. धनेशला मी सोडलेलं नाही, हे लक्षात ठेव. एकच कळव: सतरा तारखेला तो किती वाजता बोलायला उभा राहणार?

शेवंतीआत्या


ठाणे,
१० ऑक्टोबर

साडेअकरा.

र.


ठाणे,
१८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

काय केलंस तू?

तीन पाहुणे, अध्यक्ष आणि आम्ही बाराजण होतो. मी कोपऱ्यात फोटो काढत होते, अंकासाठी. धनेश सर नवा कोट घालून आले होते. अकरा बत्तीसला त्यांनी डोंबिवलीचा नकाशा मोठा केला. सगळे ठिपके हिरवे. म्हणाले, हे सॉफ्टवेअर माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवावर उभं आहे. आणि त्यांच्या बोटाखालचा ठिपका लाल झाला.

त्यांना दिसला नाही, पाठ होती. मग बाजूचा झाला. मग एकदम चार. पाहुण्यांतल्या एका बाईंनी चष्मा वर केला. सर म्हणाले, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, आणि ते बोलत असताना आणखी सात झाले. मी मोजत होते आत्या, मला थांबता येत नव्हतं. बारा वाजेपर्यंत त्रेचाळीस. अध्यक्षांनी एक ठिपका उघडायला लावला. भिंतभर फोटो आला: अर्धा बॉयलर चंदेरी, अर्धा खरवडलेला, आणि खरवडलेल्या भागात गंज आणि पांढरा ओघळ. त्याच्या शेजारी दसऱ्याचा फोटो, माळ घातलेला, शहाण्णव गुण. दुसरा उघडला, तोच प्रकार. त्या बाईंनी विचारलं, पहिल्या वेळी हा ओघळ कसा दिसला नाही? धनेश सर म्हणाले, "पेंट केलं असेल." मग त्यांनी विचारलं, रंग देतात हे तुम्हाला बावीस वर्षांत माहीत नव्हतं का?

आत्या, धनेश सर घाम पुसायला खिशात रुमाल शोधत होते, तो सापडेना.

संध्याकाळी राजीनामा घेतला. आज ऑफिसात तुझंच नाव चाललंय. मी हसायला हवं होतं.

रसिका


डोंबिवली,
२२ ऑक्टोबर, पाडवा

चि. रसिका,

रुमाल सापडेना, हे तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. अशी दिवाळी मला कित्येक वर्षांत लाभली नव्हती.

सांगते काय केलं. आठ तारखेपासून रोज सकाळी रिक्षा केली, पिशवीत तारेचा ब्रश. फोटो चढवायचं काम कुठल्याच शेठने स्वतः केलेलं नाही, ते बॉयलरवाल्यांच्या गळ्यात मारलंय. आणि बॉयलरवाले सगळे माझे. रंगाखाली काय आहे ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, दिवसभर तेच त्याच्यापुढे उभे असतात. प्रत्येकाला म्हटलं, इथून इथपर्यंत घास, फोटो काढ, मोबाईलमध्ये ठेव आणि सतराला मी कळवीन त्या वेळी चढव. आधी नाही, नंतर नाही. तुझी चिठ्ठी आली तशी साडेअकराची वेळ सगळ्यांना फोनवर कळवली. त्रेचाळीसजणांनी शब्द पाळला. पंढरी तेवढा रजेवर होता, त्याचा फोटो माझ्याकडे होता, तो त्याच्या जागेवरच्या माणसाने चढवला.

अध्यक्षांचा फोन आला होता. डिसेंबरपासून सल्लागार म्हणून या म्हणतात. मी म्हटलं, आधी पहिलं पान. ते कबूल झाले. नोव्हेंबरच्या अंकात वहीची सगळी हकीकत माझ्या नावानिशी छापायची, आणि मजकूर तू लिहायचास. धनेशने ड्रॉवर फोडून वही चोरली हे आडपडदा न ठेवता लिही. दोन्ही गोष्टी मिळाल्या बघ मला. करावं तसं भरावं लागतं.

शेवंतीआत्या


ठाणे,
२९ ऑक्टोबर

आत्या,

तीन मसुदे फाडले. ते वाक्य मला लिहिता येत नाही, कारण ते खरं नाही.

धनेश सर सामान न्यायला आले होते. जिन्यात मला थांबवून म्हणाले, "रसिका, तुझ्या आत्याला मी काय केलं होतं गं? वही तर तिनेच दिलेली ना? तूच बोललेलीस." रागावलेसुद्धा नाहीत. खरंच विचारत होते.

ड्रॉवर कोणी फोडला नव्हता. किल्ली माझ्याकडे होती. माझी उमेदवारीची सहा महिन्यांची मुदत संपत होती, सर विचारत होते की जुन्या तपासणीचं काही हाताशी आहे का, आणि मी वही नेऊन दिली. आत्याने खुशीने दिलीय असं मीच त्यांना सांगितलं. मग ड्रॉवर ओरबाडून ठेवला आणि तुला रडत फोन केला. मला वाटलं होतं, दोन-चार मुद्दे घेतील. तुला काढतील असं वाटलं नव्हतं. नाव त्यांनी स्वतःचं लावलं, तिथे ते चुकले. पण चोर ते नाहीत. मीच तुला त्यांच्यामागे लावलं, म्हणजे तू माझ्याकडे बघणार नाहीस.

आता मला बोलायचा हक्क नाही, तरी बोलते. माझ्या टेबलावर एक कागद आलाय. नाथाशेठचा कारखाना, तेरा ऑक्टोबर, दुपारी दोन, बॉयलरचा खालचा सांधा उसवून वाफ बाहेर. जखमी: पंढरी, डावा हात आणि मान. तू मला लिहिलंस, तो रजेवर होता.

पारखीत प्रत्येक फोटोवर काढल्याची तारीख दिसते. त्या बॉयलरचा खरवडलेला फोटो नऊ तारखेचा आहे. त्याला एकतीस गुण पडले. नऊला चढवला असता तर बॉयलर बंद ठेवायची सूचना शेठला त्याच मिनिटाला गेली असती. ती टीप मी स्वतः लिहून तुला पाठवली होती.

तू साडेअकराची वाट बघत होतीस. आणि वेळ मी कळवली.

रसिका


डोंबिवली,
३ नोव्हेंबर

रसिका,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दार लावून बसले. तुझ्या बापाला फोन करून सगळं सांगावं असं वाटलं, केला नाही. तुला नोकरी मी लावली, किल्ली मी दिली, आणि तू माझ्याच किल्लीने माझ्या हातातलं काढून घेतलंस. वर्षभर तू रडलीस तेव्हा मी तुला धीर देत होते. तुला मी माफ करत नाही. वय झालं, वेळ गेला, असल्या कारणांनी पुढेही करणार नाही.

धनेशचं मला वाईट वाटावं म्हणून तू तो जिना लिहिला असशील. वाटत नाही. वही चोरलेली असो की मिळालेली, बावीस वर्षं माझी आहेत म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही. तो गेला ते बरं झालं. पण मी ज्या गुन्ह्यासाठी त्याला धरलं तो त्याने केला नव्हता, हे आता मला जन्मभर माहीत राहणार, आणि तेही तुझ्यामुळे.

पंढरीचं. चौदा तारखेला मी हॉस्पिटलात गेले होते. कोपरापासून बोटांपर्यंत पट्ट्या, मान सरळ होत नव्हती. त्याने विचारलं, "बाई, फोटू गेला का?" मी म्हटलं, जाईल. तेव्हाही तीन दिवस बाकी होते आणि तेव्हाही मी बाकीच्या बेचाळीसजणांना फोन करून आत्ता चढवा म्हटलं नाही. डोक्यात धनेशचं तोंड होतं. त्या तीन दिवसांत आणखी कुठे काही झालं नाही, ती माझी पुण्याई नाही. तुला रजेवर लिहिलं, कारण तू बोलशील हे मला माहीत होतं.

डॉक्टर म्हणतात, हात राहील, पकड येणार नाही. बॉयलरवाल्याला पकड नसेल तर त्याने काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

अध्यक्षांना मी कळवलंय की सल्लागार वगैरे मला नको. पंढरीच्या बॉयलरचा फोटो किती तारखेपासून माझ्याकडे होता, तेही कळवलंय. पहिलं पान मात्र मी सोडणार नाही. ते मला मिळालेलं आहे आणि त्यावर काय यायचं ते मी ठरवीन. माझा फोटो घालू नकोस. वहीचं कौतुक नको. एकशे पंधरावा मुद्दा तेवढा सविस्तर लिही, तो लोकांच्या उपयोगाचा आहे. त्याच्याखाली दोन वाक्यं घे, धनेश घ्यायला लावायचा तशी ठळक. 'वही आत्याला न विचारता मी दिली', आणि पुढे तुझं नाव. 'पंढरीच्या बॉयलरचा फोटो नऊ तारखेला माझ्याकडे होता, तो मी सतरापर्यंत दाबून ठेवला', आणि पुढे माझं. आडनावांसकट. तुझी नोकरी यात गेली तर जाऊ दे, माझीही गेलीच होती.

तू छापणार नाहीस अशी वेळ आली तर अध्यक्षांकडे तुझं पत्र घेऊन मी स्वतः येईन. ही धमकी समज.

अंक निघाला की पंढरीची प्रत पोस्टाने पाठवायची नाही. तू डोंबिवलीला यायचंस, मी स्टेशनच्या पुलाखाली भेटेन, आपण त्याच्या घरी जायचं. चहा विचारतील, घ्यायचा नाही. त्याला वाचायला वेळ लागतो. त्याचं वाचून होईपर्यंत आपण दोघींनी त्याच्यासमोर उभं राहायचं.

शेवंती